मास्तरांचा मे महिना

लग्नसराईतली पंगत असो, एसटीचं बाक असो की दुधाची रांग, मे महिन्यात कुणी शिक्षक भेटला की समोरच्याच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं : "तुमचं बरंय बुवा, दीड महिना बसून पगार." बोलणाऱ्याच्या मनात फारसा आकस नसतो आणि ऐकणाराही हसून सोडून देतो. पंगतीपुरतं ते ठीक आहे. पण हेच वाक्य सरकारी कागदावर उतरतं तेव्हा त्याचं रूप बदलतं. मतदार यादीचं काम कुणाकडे द्यायचं? शिक्षकांना नाहीतरी सुट्टीच आहे. प्रशिक्षण कधी घ्यायचं? जूनच्या पहिल्या आठवड्यात, नाहीतरी सुट्टीच आहे. घरातही तेच चालतं. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, धाकट्याचा दाखला, गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग आणि चार किलोच्या कुरडया हे सगळं शिक्षिका असलेल्या सुनेच्या मे महिन्यावर ढकललं जातं, कारण तिला नाहीतरी सुट्टीच आहे. 'नाहीतरी' हा शब्द इथे सगळा घोटाळा करतो. ज्याचा उपयोग ठरलेला नाही, ज्याच्यावर कुणाची मालकी नाही, असा काळ म्हणजे शिक्षकाची सुट्टी, हे त्या शब्दानं आधीच धरून टाकलेलं असतं. हे गृहीतच खोटं आहे, असं माझं म्हणणं आहे.

शिक्षकांकडून या टोमण्याला येणारं नेहमीचं उत्तरही मला मान्य नाही, हे आधीच सांगून टाकतो. ते उत्तर म्हणजे कामांची यादी : पेपर तपासणी, निकालपत्रकं, यू-डायसची माहिती, निवडणूक, प्रशिक्षण, नवीन प्रवेशांसाठी घरोघरी फिरणं. यादी खरी आहे. पण ती वाचून दाखवणारा शिक्षक नकळत कबूल करतो, की सुट्टीत काम केलं तरच सुट्टी माफ आहे. तो रिकामा बसला असता तर टोमणा योग्यच ठरला असता. म्हणजे वादी आणि प्रतिवादी एकाच चुकीच्या पायावर उभे राहून भांडतात. शिक्षकाचा मे महिना कामानं गच्च भरलेला असतो, हे सिद्ध करण्यात मला रस नाही. तो महिना त्याचा स्वतःचा आणि त्याच्या घराचा असतो, त्याची किंमत त्यानं आधी मोजलेली असते, आणि ती मोजूनही तो त्याच्या पदरात पुरता पडत नाही, एवढं दाखवायचं आहे.

आधी हिशोब. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे वर्षात कामाचे किमान २३० दिवस भरले पाहिजेत आणि सगळ्या सुट्ट्या मिळून ७६ च्या वर जाता कामा नयेत. या ७६ मध्ये उन्हाळा आला, दिवाळी आली, गणपती आणि गांधी जयंतीही आली. ३६५ मधून ५२ रविवार वजा केले की ३१३ उरतात. त्यातून ७६ गेले की २३७. शिक्षकानं आपल्या बाराही किरकोळ रजा घेतल्या असं धरलं, तर शाळेत हजर राहण्याचे दिवस उरले २२५. आता त्याच गावातल्या सरकारी कचेरीतल्या लिपिकाचे दिवस मोजू. २०२० च्या २९ फेब्रुवारीपासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, म्हणजे शनिवार-रविवार मिळून १०४ दिवस गेले आणि उरले २६१. सार्वजनिक सुट्ट्या दोन डझनांच्या आसपास असतात. शनिवार-रविवारी पडणाऱ्या वगळून वीस धरू. उरले २४१. आठ किरकोळ रजा गेल्या, २३३. आणि वर्षाची ३० दिवसांची अर्जित रजा. या रजेत मधले शनिवार-रविवारही मोजले जातात, म्हणून कामाचे दिवस त्यात साधारण एकवीसच जातात. उरले २१२. शनिवारची शाळा सकाळची आणि अर्धीच असते, हा आक्षेप रास्त आहे. ते अर्धे शनिवार वजा केले तर शिक्षकाचे वीसेक दिवस कमी होतात, तो २०५ वर येतो आणि लिपिक त्याच्या पाच-सात दिवस पुढे जातो. पाच दिवसांच्या आठवड्यासाठी कचेरीची रोजची वेळ वाढवली गेली, हेही शिक्षकाच्या विरुद्ध बाजूला मांडा. उलट बाजूला शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातले, तयारीचा वेळ धरून आठवड्याचे किमान ४५ तास मांडा. ओढाताण करून कोणत्याही बाजूला झुकवलं तरी हा फरक काही दिवसांचा किंवा काही तासांचा आहे. पंगतीतला 'दीड महिना' त्यात कुठेच सापडत नाही. लिपिकाची सुट्टी वर्षभर दर शनिवारी थोडीथोडी वाटली जाते म्हणून ती दिसत नाही. शिक्षकाची एका जागी साठते म्हणून डोळ्यांत भरते, एवढंच.

आणि ती एका जागी का साठवली, हा प्रश्न कुणी विचारत नाही. लिपिक आठ दिवस रजेवर गेला तर फाईल टेबलावर वाट पाहते. चौथीचा वर्ग वाट पाहत नाही. वाडीवस्तीवरच्या दोन शिक्षकी शाळेतला एक शिक्षक नोव्हेंबरात पंधरा दिवसांच्या अर्जित रजेवर गेला, तर उरलेल्याला पहिली ते चौथी एकट्यानं सांभाळावी लागते, किंवा निम्मी शाळा नुसती बसून राहते. बदली माणूस देण्याची व्यवस्था आपल्याकडे नाही. म्हणून नागरी सेवा रजा नियमांनी शिक्षकांना 'दीर्घ सुटी विभागा'त टाकलं : वर्गाला सुट्टी असेल तेव्हाच तुम्ही सुट्टी घ्या, आणि ती पुरी उपभोगलीत तर इतर कर्मचाऱ्यांसारखी ३० दिवसांची अर्जित रजा तुम्हाला मिळणार नाही. म्हणजे हा सौदा आहे. शिक्षकानं आपली रजा कधी घ्यायची ते ठरवण्याचा हक्क सोडला आणि त्याबदल्यात ठरलेला उन्हाळा घेतला. सौद्यात त्याचा तोटाही आहे. इतर कर्मचारी न घेतलेली अर्जित रजा साठवत जातो, ती ३०० दिवसांपर्यंत साठते आणि निवृत्तीच्या वेळी तिचे रोख पैसे हातात पडतात. शिक्षकाच्या खात्यात अशी पुंजी फारशी जमत नाही. डिसेंबरात चुलतभावाचं लग्न निघालं तर तो जेमतेम दोन दिवस जाऊन येतो. घरात कुणाचं लांबवता येण्यासारखं ऑपरेशन असलं, तर डॉक्टरांना तो आधी "मे महिन्यापर्यंत थांबता येईल का?" हेच विचारतो. वर्षभराचं सगळं घरगुती आयुष्य असं पुढे ढकलत ढकलत तो मेपर्यंत आणतो. ज्याला आपण त्याचा आराम म्हणतो, ती बहुतांशी अकरा महिन्यांची थकबाकी असते.

हा सौदा ज्या पक्षानं लिहिला, तोच तो मोडतो. २०२४ ची लोकसभा निवडणूक महाराष्ट्रात पाच टप्प्यांत झाली : १९ आणि २६ एप्रिल, मग ७, १३ आणि २० मे, मतमोजणी ४ जूनला. मतदानाच्या आदल्या दिवशी यंत्रं ताब्यात घेऊन केंद्रावर मुक्कामाला जायचं, मतदानाच्या रात्री उशिरा ती परत जमा करायची, त्याआधी प्रशिक्षणाच्या फेऱ्या करायच्या. ज्यांच्या मतदारसंघात मेमध्ये मतदान होतं, त्यांच्या सुट्टीचं वेळापत्रक निवडणूक कचेरीनं ठरवलं. जनगणनेचंही तेच. २०११ च्या जनगणनेतली घरयादी २०१० च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात, राज्यागणिक वेगवेगळ्या तारखांना झाली. २०२७ च्या जनगणनेतल्या घरयादीसाठीही २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबर हाच काळ ठरला, म्हणजे उन्हाळी सुट्टी पुन्हा तिच्या टप्प्यात. २०२० च्या टाळेबंदीत तर शिक्षक तपासणी नाक्यांवर उभे होते आणि घरोघरी सर्वेक्षण करत होते. त्याबद्दल मात्र कुणी तक्रार करू नये. ती आपत्ती होती आणि सगळ्यांवरच होती.

इथे पूर्वपक्ष सगळ्यात बळकट आहे, म्हणून त्याला पुरती जागा दिली पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमानं शिक्षकांना अशैक्षणिक कामं लावायला मनाई केली, पण दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ही तीन कामं त्यातून वगळली. सर्वोच्च न्यायालयानं तर ६ डिसेंबर २००७ च्या निकालात, निवडणूक आयोग विरुद्ध सेंट मेरीज स्कूल या प्रकरणात, सांगूनच टाकलं, की मतदार यादीची आणि निवडणुकीची कामं शिक्षकांना सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावीत. शिकवण्याच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेत सहसा देऊ नयेत. मग सुट्टीत काम लागलं तर कुरकुर कसली? न्यायालयानंच वाट दाखवली आहे, आणि वर भत्ताही मिळतो. या युक्तिवादातला पहिला भाग मी पुरता मान्य करतो. मुलांचा तास आणि शिक्षकाची सुट्टी यांतलं एक मोडायचंच असेल तर सुट्टी मोडावी. तो निकाल मुलांच्या बाजूनं होता आणि योग्य होता. पण या निकालानं मुलांचा वेळ वाचवला तो शिक्षकाच्या घराचा वेळ खर्ची घालून, हेही सरळ म्हणायला हवं. खर्च झाला की तो नोंदवायचा असतो. रजा नियमांत त्याची तरतूद आहे : सुट्टीत शासनानं कामावर बोलावलं, तर बुडालेल्या सुट्टीच्या प्रमाणात अर्जित रजा जमा व्हायला हवी. तरतूद चांगली आहे. पण ती आपोआप अमलात येत नाही. आदेशाची प्रत, हजेरीचा दाखला आणि कार्यमुक्तीचं पत्र जमवायचं, प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत वर पाठवायचा आणि सेवापुस्तकात नोंद होईपर्यंत पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवायच्या. प्रशिक्षणाची लिंक शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री दहाला येते आणि सकाळी नऊला हजर राहायचं असतं. त्या हजेरीवरून रजा आपोआप जमा झाल्याचा निरोप मात्र ग्रुपवर कधी येत नाही. भत्त्याचं म्हणाल, तर तो त्या दिवसाच्या कामाचा मोबदला आहे. गमावलेल्या सुट्टीची भरपाई रजेनंच होते, आणि ती कागदांत अडकते.

प्रशिक्षणाला तर निवडणुकीसारखी निकड नसते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. पन्नास तास वर्षात विभागले तर महिन्याला चार-पाच तास भरतात. केंद्र पातळीवरच्या शिक्षण परिषदेत ते सहज बसतील. तरी २०२५ मध्ये वरिष्ठ आणि निवड वेतनश्रेणीसाठीचं, म्हणजे १२ आणि २४ वर्षं सेवा झालेल्यांचं प्रशिक्षण जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच घेतलं गेलं, शाळा १६ जूनला उघडायच्या तोंडावर. त्याच वर्षी पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबवून निकाल १ मेला लावायचं ठरलं होतं. म्हणजे एका टोकाला पाच दिवसांत सगळ्या वर्गाचे पेपर तपासून निकालपत्रकं, दुसऱ्या टोकाला वेतनश्रेणीचं प्रशिक्षण, आणि या दोहोंच्या मध्ये जे उरेल ते 'दीड महिना'. विदर्भात उन्हामुळे शाळा आठवडाभर उशिरा, २३ जूनला उघडल्या. नागपूर-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तिथे तो आठवडा कुणी मौजेसाठी देत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीचं मूळ कारण ऊनच आहे. न्यायालयंही याच काळात सुट्टी घेत आली. पण सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये नियम बदलून आपल्या उन्हाळी सुट्टीचं नाव 'आंशिक न्यायालयीन कामकाजाचे दिवस' असं केलं. शिक्षण खात्यानं हे नाव उसनं घ्यायला हरकत नाही. वस्तुस्थिती निदान कागदावर तरी येईल.

एवढं शासनाशी झालं. पण सुट्टी बाहेरच्यांनी खाल्ली म्हणून रडणारा शिक्षक घरात तिचं काय करतो, हे विचारल्याखेरीज हा वाद अर्धाच राहतो. सुट्टी कशासाठी हवी, याचं माझं उत्तर आहे : घरासाठी. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचं घर पुष्कळदा दोन-तीन ठिकाणी विखुरलेलं असतं. नवरा-बायको दोघंही शिक्षक आणि दोघांच्या शाळा दोन तालुक्यांत, हे चित्र इतकं सर्रास आहे की २७ फेब्रुवारी २०१७ च्या बदली धोरणात पती-पत्नी एकत्रीकरणाचा स्वतंत्र संवर्ग करावा लागला, आणि तोही दोघांमधलं अंतर ३० किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर. ३० किलोमीटरच्या आतलं अंतर म्हणजे एकत्रच राहिल्यासारखं, असं शासनाचं मोजमाप! एक गडचिरोलीत आणि दुसरा नांदेडला असेल, तर आंतरजिल्हा बदलीच्या यादीत नाव कधी लागेल याची वाट पाहण्यात मुलांची प्राथमिक शाळा उरकते. अशा कुटुंबात मुलं एकाकडे, आजी-आजोबा गावी, दुसरा भाड्याच्या खोलीत. हे सगळे सलग तीस दिवस एका ताटात जेवतात ते मे महिन्यातच. त्या तीस दिवसांना आराम म्हणणं चूक, आणि कामं म्हणून त्यांची यादी करणं त्याहून चूक. बापानं मुलाला विहिरीत पोहायला शिकवणं, म्हाताऱ्या वडिलांचं बोलणं घड्याळाकडे न पाहता ऐकणं, मृगाआधी शेताची नांगरट झाली का हे बांधावर जाऊन पाहणं, हे कोणत्याही सेवापुस्तकात बसत नाही आणि बसवायची गरजही नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या तीस-चाळीस मुलांशी बोलणाऱ्या माणसाला आपल्या घरातल्या दोघांशी बोलायला वर्षात एक महिना मिळावा, ही मागणी कुणाला सवलत वाटत असेल तर त्यानं 'सवलत' या शब्दाचा अर्थ पुन्हा पाहावा.

यावर लोक म्हणतात, ऊसतोड मजुराला कुठली सुट्टी? कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराला, मॉलमधल्या पोरीला कुठला मे महिना? प्रश्न खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. शेजाऱ्याच्या घरी दिवा नाही म्हणून आपला विझवायचा, असं कुणी म्हणत नाही. ज्याला सुट्टी नाही त्याला ती मिळावी यासाठी भांडायला मी तयार आहे. पण टोमणा मारणारा तिकडे कधी वळत नाही, त्याचं बोट शिक्षकाशीच थांबतं. शिवाय शिक्षकांतही सुट्टी न परवडणारे हजारो आहेत. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला मेमध्ये तास नाहीत म्हणून पैसे नाहीत; त्याच्या लेखी सुट्टी म्हणजे बेकारी. शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ पासून वाढवलं, तरी ते प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,०००. विनाअनुदानित शाळेतला शिक्षक अनुदानाच्या टप्प्याची वाट पाहत मेमध्ये मिळेल ते काम करतो. 'बसून पगार' हे वाक्य यांच्यासमोर म्हणून पाहावं.

दुसरा आक्षेप मुलांचा. लांब सुट्टीत मुलं शिकलेलं विसरतात, विशेषतः ज्यांच्या घरी पुस्तक नाही ती. हे मला पटतं. पण त्याला उपाय सुट्टीचे दिवस कमी करणं हा नाही. उरलेल्या २३७ दिवसांपैकी किती दिवस खरोखर शिकवण्यात जातात, ते आधी पाहावं. वर्षभर शिक्षकाला ऑनलाइन माहित्या भरायला बसवायचं आणि मग मे महिन्यात मुलं मागे पडली म्हणून हळहळायचं, हा ढोंगीपणा आहे. तिसरा आक्षेप शिक्षकांवरचाच : सुट्टीत शिकवण्या घेणारे, प्लॉटची दलाली करणारे, विम्याचे फॉर्म भरून घेणारे आहेत. आहेत, नाकारत नाही. वर्षभर वर्गात न शिकवणारेही आहेत. त्यांची चौकशी जुलैपासून मार्चपर्यंत करावी, वर्गावर जाऊन करावी. मे महिना हिसकावून घेतला तर कामचुकाराचं काहीच जात नाही, त्याला ड्यूटी रद्द करून घ्यायची वाट ठाऊक असते. भरडला जातो तो आदेश आला की मुकाट जाणारा.

आणखी एक आक्षेप असा की, एवढं असेल तर सुट्टी सोडा आणि सगळ्यांसारखी अर्जित रजा घ्या. वरवर हा प्रस्ताव न्याय्य वाटतो. पण त्यानं शिक्षकाचा फायदा आणि शाळेचा तोटा होईल. तीस दिवसांची रजा शिक्षकानं सप्टेंबरात घेतली तर वर्ग कोण घेणार, याचं उत्तर द्यायला कुणी तयार नाही. तोपर्यंत जुना सौदाच बरा, फक्त तो प्रामाणिकपणे पाळावा. सुट्टीत लागणाऱ्या कामाचा आदेश एप्रिल संपायच्या आत हातात पडावा. आदेश निघाला की त्याच कचेरीनं अर्जित रजेची नोंद करावी, शिक्षकाला अर्ज करावा लागू नये. नवरा-बायको दोघंही शिक्षक असतील तर दोघांना एकाच दिवशी मुक्कामी ड्यूटी लावू नये, कारण त्या रात्री घरी लहान मूल असतं. यातल्या एकाही गोष्टीला नवा पैसा लागत नाही.

आता घराच्या आत. २०२४-२५ च्या यू-डायस आकडेवारीप्रमाणे देशातल्या शिक्षकांत ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत. म्हणजे 'शिक्षकाची सुट्टी' असं आपण म्हणतो तेव्हा अर्ध्याहून अधिक वेळा ती शिक्षिकेची सुट्टी असते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया ८१ टक्के निघाल्या आणि पुरुष २६ टक्के. २०२४ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रीची रोजची सरासरी २८९ मिनिटं आहे, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. या आकड्यांवर पुरुष जे उत्तर देतात ते ठरलेलं असतं : आम्ही बाहेर राबतो, ती घरी असते; आमच्या पगारावर घर चालतं; आमच्या वेळा तशा आहेत. इतर घरांत या उत्तरात थोडंफार तथ्य शोधता येईल. शिक्षक दांपत्याच्या घरात ते शोधायला जागाच नाही. दोघांची पदवी सारखी, वेतनश्रेणी सारखी, शाळेची वेळ सारखी आणि सुट्टी तर तारखेसकट सारखी. २ मेच्या सकाळी दोघं एकाच क्षणी मोकळे होतात. समाजशास्त्रज्ञाला प्रयोगासाठी असं घर मुद्दाम बांधायचं म्हटलं तरी याहून नेटकं साधणार नाही.

आणि त्या घरात काय होतं? वर्षभर बाई नसते म्हणून लांबलेली वाळवणं मेमध्ये निघतात. गहू भिजवून तीन दिवसांनी चीक काढायचा, पहाटे शिजवायचा, ऊन तापायच्या आत साच्यातून कुरडया घालायच्या. मग सांडगे, पापड, वर्षाचं तिखट, कैरीचं लोणचं. नणंदा मुलांना घेऊन माहेरी येतात, आणि त्यांचं माहेर म्हणजे हिचं सासर. हिच्या माहेरच्या वाट्याला दहा दिवस आले तरी ती ते नशीब समजते. त्यात तिची निवडणुकीची ड्यूटी निघाली तर आदल्या दिवशीचा स्वयंपाक करून, डबे भरून ठेवून ती केंद्रावर जाते. त्याची ड्यूटी निघाली तर त्याची बॅगही तीच भरते. वाळवणांत आनंद असतो, चार बायका जमतात, गाणी होतात, हे सगळं खरं. तो आनंद मला मोडायचा नाही. पण एवढ्या आनंदाच्या कामात पुरुष शिक्षक का सामील होत नाहीत, हे एक कोडंच आहे. निवडणूक ड्यूटीचा भत्ता उशिरा आला तर संघटनेचं निवेदन घेऊन तहसीलदाराकडे जाणारा, रजेचा एक दिवस कमी लागला तर नियमाचं कलम तोंडपाठ म्हणून दाखवणारा शिक्षक आपल्या घरात हाच नियम लावून पाहत नाही. सुट्टीत कामावर बोलावलेल्या माणसाला त्या प्रमाणात रजा, असा तो नियम आहे. हा घरचा मामला आहे, त्यात नियम कसले, असं तो म्हणेल. गटशिक्षणाधिकारीही त्याला प्रशिक्षणाच्या वेळी नेमकं हेच सांगतात, की शाळा आपली आहे, तिथे दिवस काय मोजता! तिथे तो मोजतो आणि त्याचं मोजणं बरोबर असतं. मग २ मे ते १५ जून या दिवसांत सकाळचा पहिला चहा कितीदा कुणी केला, हेही त्याच वहीत मोजायला घ्यावं. मोजायला दोघं आहेत आणि दोघांनाही गणित शिकवता येतं.